चाफा म्हणजे नेमका कुठला?

रोपवाटिकेत येऊन ‘एक चाफा द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, ‘कुठला?’ काही जण या प्रश्नावर वैतागतात. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी रोप हातात देत नाही, कारण ते झाड पुढचा हिवाळा काढेल की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.

सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा: वासावरून आपण ही सगळी चाफ्यांत जमा केली. कुळं मात्र निरनिराळी. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, देवचाफा कण्हेर-तगरीच्या, तर भुईचाफा हळद-आल्याच्या. सोनचाफ्याला जुन्या पुस्तकांत मिशेलिया चंपाका म्हटलेलं आढळेल. आता तो मॅग्नोलियात गेला आहे. ही नावं पाठ करायची गरज नाही, पण आपलं झाड कुणाच्या भाऊबंदकीतलं आहे, हे ठाऊक असावं. पाणी कधी द्यायचं आणि कधी तोडायचं, ते तिथूनच कळतं.

सोनचाफा सदाहरित. पानं गळतात, पण झाड कधी निष्पर्ण होत नाही. त्यामुळे हिवाळ्यातही माती सुकू द्यायची नाही आणि आळ्यात पाणी साचूही द्यायचं नाही. कुंडीतली कलमं मरतात ती बहुधा जड मातीमुळे. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला बरीच वर्षं लागतात, म्हणून बागेसाठी कलमच घ्यावं.

देवचाफ्याचं सगळं उलट. हा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. तिथल्या कोरड्या ऋतूची सवय त्याने इथेही सोडलेली नाही. थंडीत पानं झाडून तो नुसत्या जाड फांद्यांवर उभा राहतो. नेमक्या याच वेळी मालक घाबरून रोज पाणी घालतात आणि झाड बुडाशी कुजतं. फांदी बोटांनी दाबून पाहावी. टणक लागली आणि नखाने ओरखडल्यावर पांढरा चीक आला, की झाड ठणठणीत आहे. डिसेंबरपासून कुंडीतल्या देवचाफ्याला जवळजवळ पाणी देऊच नये. नवे कोंब दिसले की सुरुवात करावी. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसते, तो तांबेरा. रोगट पानं वेचून जाळायची.

माझा जीव मात्र भुईचाफ्यावर आहे. त्याचं शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. सतराव्या शतकाच्या अखेरीस जपानपर्यंत पोहोचलेले जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर यांची ती आठवण. दिवाळीनंतर याची पानं पिवळी पडून आडवी होतात आणि थोड्याच दिवसांत कुंडीत नुसती माती उरते. अशा कुंडीत लोक दुसरं रोप लावून टाकतात, खुरप्याने कंद चिरले जातात, आणि मग ‘आमच्याकडे भुईचाफा जगत नाही’ अशी तक्रार येते. म्हणून कुंडीवर पाटी लावा, ती सावलीत सरकवा आणि पाणी थांबवा. फाल्गुनात माती हलकेच उकरली, तर मूळ कंदापासून निघालेल्या मुळांच्या टोकांना गुबगुबीत, अंडाकार गाठी लोंबताना दिसतील. झाडाची सगळी शिदोरी त्यात असते. कंद वेगळे करायचे तर ते याच वेळी, आणि प्रत्येक तुकड्याकडे एक डोळा आणि दोन-तीन गाठी राहतील अशा बेताने. मग उन्हाळ्यात एखाद्या सकाळी एकही पान नसताना थेट मातीतून फूल उमलतं. पाकळ्या पांढऱ्या, खालची रुंद पाकळी जांभळट. वास घ्यायला गुडघे टेकावे लागतात. फूल एका दिवसात मिटतं, पण मागोमाग दुसरं येतं. पानं त्यानंतर, पावसाच्या सुमारास.

देवचाफा आणि भुईचाफा आपणहून विश्रांती घेतात, मोगऱ्याला मात्र ती आपल्याला द्यावी लागते. बटमोगरा असो की मदनबाण, डिसेंबरात पाणी कमी करत न्यायचं आणि झाडाला ताण द्यायचा. संक्रांतीनंतर निम्म्याहून अधिक छाटायचं, उरलेली पानं ओरबाडायची, मुळांभोवतीची माती हलवून शेणखत घालायचं आणि भरपूर पाणी देऊन ताण तोडायचा. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच धरते. कात्री चालवायला हात धजावत नाही, अशा घरी मोगरा नुसता पाल्याने माजतो.

आणि दिवाळीला आणलेल्या शेवंतीच्या कुंड्या फेकू नका. शेवंतीही बहुवर्षायूच आहे. ती रात्र मोठी झाल्यावर फुलते, त्यामुळे सणाला फुलं हवीत म्हणून उत्पादक तिला काळ्या कापडाखाली ठेवतात आणि बुटकी राहावी म्हणून वाढरोधकही देतात. पुढच्या वर्षी ती उंच होईल आणि आपल्या वेळेला फुलेल. बहर सरला की चार बोटं ठेवून छाटा. बुडाशी काश्या फुटतील, त्या जपून पावसाच्या तोंडावर वेगळ्या लावा. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा, नंतर हात लावू नका. कुंडी गॅलरीत रस्त्यावरच्या दिव्यासमोर असेल, तर सप्टेंबरात तेवढी हलवा. रात्रभर उजेड पडला तर तिला कळीच धरत नाही.