नव्या कंपनीतला जुमा

नोकरी बदलली की भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आपल्याबरोबर येतो. ग्रॅच्युइटीची वर्षे मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जातात. कामाच्या जागी कमावलेली पत ही ग्रॅच्युइटीच्या जातीची असते, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळले.

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सतरा वर्षे होतो, आधी टर्नर, मग तपासणीला. शुक्रवारी एक वाजला की शेठच म्हणायचे, "चाचा, निघा, उशीर होईल." पुढे वयामुळे त्यांनी शेड विकले. तसे आमच्या भागातले काम केव्हाच चाकणकडे सरकू लागले होते. आकुर्डीत बजाजच्या गाड्या बनणे २००७ मध्ये थांबले, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. दिघीतल्या आमच्या गल्लीतून आता पहाटे चाकणच्या बसला जाणारे कितीतरी आहेत. त्यांत मीही एक झालो.

काम जड गेले नाही. प्लग गेज आत सरकतानाच बोअर मोठे झाल्याचे माझ्या हाताला कळते. इथे हाताचे कोणी धरत नाही, प्रत्येक माप टॅबवर भरायचे. मला ते पटले. हात थकतो, रात्रपाळीत तर फारच. सत्तावीस वर्षांच्या इन्चार्जला "सर" म्हणणेही चार दिवसांत अंगवळणी पडले.

अडले ते जुम्याला. पाळ्या सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात. म्हणजे तीन आठवड्यांत एकच शुक्रवार अडतो, पहिल्या पाळीचा. पण इथे मला "चाचा, निघा" म्हणणारे कोणी नव्हते. तोंड उघडून मागावे लागणार होते.

बायको म्हणाली, "अहो, प्रोबेशन सहा महिन्यांचे आहे. पक्के झालात की विचारा." तिचे चुकत नव्हते. घराचा हप्ता, मुलीची बारावी, सगळे तिच्यासमोर होते. एका नातेवाइकाने डोके दुखते सांगून गेट पास काढायचा सल्ला दिला. खोटे बोलून नमाजला जायचे, हे माझ्या घशाखाली उतरेना. अम्मीचा प्रश्न वेगळाच : "तुम्हाला सुट्टी गुरुवारी देतात, तर शुक्रवारी का देत नाहीत?"

अम्मीच्या प्रश्नामुळेच मला मागणे कसे मांडायचे ते सुचले. जुमा आपल्याकडे सुट्टीचा वार नाहीच. सूरह जुमुआमध्ये अजान होताच खरेदी-विक्री थांबवायला सांगितले आहे, आणि नमाज संपली की पुन्हा पांगून अल्लाहची कृपा, म्हणजे रोजी, शोधायला. बुधवारी मी इन्चार्जना म्हटले, "सर, मला सुट्टी नको. जेवणाच्या अर्ध्या तासाला जोडून पंचवीस मिनिटे द्या. पाळी संपल्यावर तेवढा वेळ थांबून काम करतो."

ते म्हणाले, "एचआरला विचारावे लागेल." मग गुरुवारची सुट्टी आली. तो दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. मुलीने दोनदा चहा केला.

शुक्रवारी सकाळी होकार आला, दोन अटींवर : जाण्या-येण्याची वेळ रजिस्टरला लिहायची आणि तेवढा वेळ तपासणीच्या टेबलावर कोणीतरी हवे. शेजारच्या लाईनवरचा एक आळंदीचा माणूस म्हणाला, "मी बघतो. पण पालखी आळंदीहून पुण्याला जाते त्या दिवशी माझ्या जागी तुम्ही." मी लगेच हो म्हटले. असा रोखठोक व्यवहार मला उपकारापेक्षा बरा वाटतो.

पहिल्या पाळीच्या शुक्रवारी आता मी बस सोडून मोटारसायकल नेतो. चाकण गावातली मशीद गाठायची, तर चौकातल्या वाहतुकीतून वाट काढावी लागते. खुतबा मिळतो, पण परतल्यावर जेवायला वेळ उरत नाही. डबा उघडायला चार वाजतात, म्हणून बायको त्या दिवशी सुकी भाजीच देते.

पालखीच्या दिवशी त्या सहकाऱ्याची पहिली पाळी मी केली. पहाटे आळंदी रस्ता वाहनांना बंद होता, बस दिघीत येईना. डबा घेऊन भोसरीपर्यंत चालत गेलो आणि तिथे बस धरली.