वाट वाकडी करणारी माणसं

मुलांनो, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तुम्ही ऐकली आहे का? आमच्या जालन्याची मोसंबी, इथलं बियाणं आणि लोखंडी सळया यांची नावं तर तुम्हाला ठाऊक असतीलच. पण आज मी सांगणार आहे ती जालन्याजवळ वसवलेल्या एका गावाची गोष्ट. त्या गावाचं नाव बेथेल. हा शब्द हिब्रू भाषेतला. अर्थ आहे ‘देवाचं घर’.

मी या जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिकवते. आमचं घर ख्रिस्ती. लहानपणी आजी आम्हाला बायबलमधल्या गोष्टी सांगायची. त्यातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तिची फार आवडती. एका वाटसरूला लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलं. एक याजक आला, म्हणजे देवळातला पुजारीच म्हणा ना. तो बघून पलीकडच्या बाजूने निघून गेला. त्याच्यामागून देवळाचाच दुसरा सेवक आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. ज्यांना बाकीचे लोक हलकं समजायचे, त्या जमातीतला. तो थांबला. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि खर्चही स्वतःच दिला.

आजी म्हणायची, “प्रार्थनेला जाणं सोपं गं. जाताना वाटेत कोण पडलंय ते बघणं अवघड.”

आता बेथेल वसवणाऱ्या माणसाकडे वळू. त्यांचं नाव नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरात जन्मलेले, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. 1843 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी याची किंमत काय असायची, माहीत आहे? घर तुटायचं, नातीगोती तुटायची. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या हवाली केलं. पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून केवढं रण माजलं! त्या वेळी श्रीपतच्या बाजूने कोण उभं राहिलं? ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर. ते हिंदूच होते, हिंदूच राहिले. आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेऊन त्यांनी एका लहान मुलासाठी आपला शब्द खर्ची घातला. म्हणजे बघा, धैर्य काही कुठल्या एका धर्माच्या मालकीचं नसतं.

नारायण शेषाद्री 1860 नंतरच्या काळात जालन्याला आले. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरता येत नव्हतं, ज्यांची सावलीही नको असायची, अशा मांग समाजातल्या लोकांमध्ये त्यांनी मुख्यतः काम केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि बेथेल वसवलं. घरं, प्रार्थनामंदिर, शाळा. 1873 साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेलाही जाऊन आले. 1891 साली त्यांचं निधन झालं.

मला त्यांचं न्यूयॉर्कला जाणं मोठं वाटतं, पण त्याहून मोठं वाटतं ते मांगवाड्यात जाणं. समुद्र ओलांडायला बोट मिळते. जातीची वेस मात्र स्वतःच्या पायांनीच ओलांडावी लागते.

तुम्ही म्हणाल, “बाई, ही मोठ्या माणसांची कामं!” तसं नाही हं. 1855 साली मुक्ता साळवे ही सुमारे 14 वर्षांची मुलगी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. ती मांग समाजातली. आपल्या बायका उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होतात, त्यांचे काय हाल होत असतील, असं तिने निबंधात रोखठोक लिहिलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने तो निबंध छापला. तुमच्याच वयाची मुलगी! तिच्याजवळ होती फक्त लेखणी.

आणि आता माझ्या वर्गातली गोष्ट. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली एक मुलगी फडावरून परत आली. अभ्यास बुडालेला, कपडे मळलेले. मुलं तिला ‘कोपीवाली’ म्हणून चिडवू लागली. एक दिवस वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा उभा राहिला. हातपाय थरथरत होते. म्हणाला, “बाई, तिला त्या नावानं हाक मारायची नाही, असं सगळ्यांना सांगा. मीपण हसलो होतो.”

दोन दिवस त्याला क्रिकेटमध्ये कोणी घेतलं नाही. तो लिंबाखाली एकटाच बसायचा. तिसऱ्या दिवशी तिथे लंगडीचा डाव मांडला गेला. चार मुलं होती, त्यात ती मुलगीही होती. हा मुलगा चर्चमध्ये जात नाही, शोमरोन्याची गोष्टही त्याने ऐकलेली नाही. पण आजी असती तर तिने त्याला ओळखलं असतं.

मग श्रद्धेचं काम काय? श्रद्धेने भीती पळून जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. पण भीती वाटत असतानाही एक पाऊल पुढे पडतं. आपण एकटे नाही, असं आत कुठंतरी वाटत असतं. आणि अन्यायाविरुद्ध उभं राहणं म्हणजे मारामारी नव्हे बरं का! कुणाच्या शेजारी जाऊन बसणं, हसण्यात सामील न होणं, खरं काय ते मोठ्यांना सांगणं, हेही उभं राहणंच आहे.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. मूल घरी येऊन असं काही सांगू लागलं, की आपल्या तोंडून चटकन निघतं, “तू कशाला मध्ये पडतोस?” त्या दिवशी तेवढं एक वाक्य गिळा. त्याला जवळ बसवा आणि विचारा, “मग पुढं काय झालं रे?”