‘प्रेम रोग’ : विवाहाआधीचा प्रश्न

१/ राज कपूर यांचा ‘प्रेम रोग’ (१९८२) मी प्रथम पाहिला तो आजीच्या शेजारी बसून, दूरचित्रवाणीवर. विधवा मनोरमेच्या केशवपनाची तयारी सुरू होताच आजी काही न बोलता उठून आत गेली आणि चित्रपट संपेपर्यंत परतली नाही. तेव्हापासून ही माझ्या लेखी केवळ प्रेमकथा राहिली नाही. त्यामागचा इतिहास या थ्रेडमध्ये मांडतो आहे.

२/ कथा थोडक्यात. ठाकुरांच्या हवेलीतील अल्लड मनोरमा. तिच्यावर मनोमन प्रेम करणारा गरीब, अनाथ देवधर. तिचे लग्न तोलामोलाच्या घराण्यात होते आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत पती मरण पावतो. केशवपन थोरली जाऊ थांबवते व तिला सासरी नेते. तिथे थोरला दीर तिच्यावर अत्याचार करतो. माहेरी परतलेल्या मनोरमेच्या वाट्याला व्रतस्थ, कठोर जिणे येते. देवधर तिच्या बाजूने उभा राहतो आणि संघर्ष बंदुकांपर्यंत जातो.

३/ कथा उत्तरेकडील जमीनदारीची. पण पडद्यावरच्या तिन्ही महत्त्वाच्या स्त्रिया मराठी घरांतल्या आहेत. मनोरमा म्हणजे पद्मिनी कोल्हापुरे, तिची आई म्हणजे मास्टर विनायक यांची कन्या नंदा, आणि जाऊ म्हणजे शोभना समर्थ यांची कन्या तनुजा. आजीला तो प्रसंग परका वाटला नाही, याचे कारण मात्र वेगळे होते.

४/ आजीची एक आत्या बालविधवा होती. आलवण नेसून, मस्तकावर पदर घट्ट ओढून ती आयुष्यभर भावाच्या घरी राबली. ठरावीक दिवसांनी परसदारी न्हावी येई, तेव्हा मुलांना आत पिटाळले जाई. मंगलकार्यात तिने समोर यायचे नाही, असा दंडक होता. म्हणून आमच्या घरी तिचे एकही छायाचित्र नाही.

५/ पुनर्विवाहाला कायद्याची आडकाठी तर केव्हाच उरली नव्हती. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांतून जुलै १८५६ मध्ये हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला. म्हणजे ‘प्रेम रोग’ आला तेव्हा त्या कायद्याला १२६ वर्षे झाली होती. तरीही प्रेक्षकांना मनोरमेचे लग्न बंडासारखे वाटले. असे का?

६/ एक उत्तर कायद्यातच आहे. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येई. दुसरे उत्तर जातिव्यवस्थेत आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. पुनर्विवाहाची बंदी ही उच्चपणाची खूण मानली जाई. म्हणून हवेलीला विधवेच्या दुःखापेक्षा घराण्याच्या इभ्रतीची काळजी अधिक.

७/ महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी १८६६ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळ काढण्यात पुढाकार घेतला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्याबद्दल त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा झाल्यानंतर ३७ वर्षांनी ही स्थिती होती.

८/ परंतु सुधारणेचा एक वेगळा प्रवाहही होता. विधवेचे लग्न लावून देण्याआधी तिला माणूस म्हणून जगू द्या, असे तो सांगत होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. गोदूबाई तेथेच शिकल्या. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापण्यास नकार दिला.

९/ या दुसऱ्या प्रवाहाच्या नजरेने ‘प्रेम रोग’ पुन्हा पाहिला, तेव्हा मला त्याचे बळ आणि उणीव दोन्ही दिसली. रूढीमागे दडलेला पुरुषांचा दांभिकपणा तो निर्भीडपणे दाखवतो. मात्र मनोरमेची सुटका तो देवधरच्या प्रेमावर सोपवतो. आजीच्या आत्याच्या आयुष्यात कोणी देवधर नव्हता. मग तिला केस राखण्याचा, पोटभर जेवण्याचा, पंक्तीत बसण्याचा अधिकार नव्हता का?

१०/ म्हणून या चित्रपटातील सर्वांत मोठी कृती मला शेवटची लढत वाटत नाही. जावेने केशवपन थांबवले, ती वाटते. त्या क्षणी कोणाला मनोरमेशी लग्न करायचे नसते, कोणाचे प्रेम सिद्ध व्हायचे नसते. एक बाई दुसऱ्या बाईची विटंबना होऊ देत नाही, एवढेच घडते. तीच जाऊ तिला पुढे आपल्या घरातील पुरुषापासून वाचवू शकत नाही, हेही तितकेच खरे.

११/ ‘विधवेला विधवा म्हणून हक्क’ ही गोष्ट फार उशिरा आली. एकत्र कुटुंबात १९३७ पर्यंत तिला मुख्यतः पोटगीचाच आधार होता. वारशाने आलेल्या मालमत्तेची पूर्ण मालकी तिला मिळाली ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, पुनर्विवाहाच्या कायद्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला.

१२/ त्या रात्री मी आजीला विचारले, आत्याचे नाव काय होते? ती बराच वेळ आठवत राहिली. घरात सारे तिला ‘आक्का’च म्हणत, खरे नाव तिने कधी ऐकलेच नव्हते. इतिहासप्रेमी मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी आक्का असेल. तिला ओळखणारी माणसे हयात आहेत तोवर तिचे नाव विचारून घ्या आणि लिहून ठेवा. आम्हाला उशीर झाला.