तिलिस्माचे पहिले दर्शन

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ सुरू झाली, आणि देवकीनंदन खत्री यांची 1888 सालची मूळ कादंबरी ज्यांनी तरुणपणी एका बैठकीत हातावेगळी केली होती, त्या आमच्या आळीतील वडीलधाऱ्या मंडळींनी, नौगढ-विजयगढ या राज्यांचे वैर आणि ऐयार म्हणजे बहुरूपी हेरांची वेषांतरे पडद्यावर पाहताच, कथेची मोडतोड झाल्याची फिर्याद तत्काळ गुदरली. पोरांना त्या फिर्यादीशी कर्तव्य नव्हते. त्यांनी अखिलेंद्र मिश्र यांनी रंगवलेल्या खलनायक क्रूरसिंहाच्या, कपाळाकडे उसळलेल्या त्या अजस्र भिवया पाहिल्या, त्याचे ‘यक्कू’ ऐकले, आणि लगोलग जो तो आरशापुढे भिवया ताणू लागला. चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेल्या खत्रींनी तिथले भग्नावशेष प्रत्यक्ष पाहिले होते, म्हणून त्यांच्या अद्भुताला मातीचा वास आहे. मालिकेतील राजवाड्यांना, खरे सांगायचे तर, ताज्या रंगाचा. पोशाख भडक, संवाद कर्कश. (आमच्या वृद्धांना तरी कादंबरी कितपत आठवते, हा प्रश्न अलाहिदा.) तथापि माझा कौल पोरांच्या बाजूने आहे: राजकुमार वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता यांच्या प्रणयापेक्षा तो खलनायकच अधिक जिवंत आहे, आणि केवळ त्याच्यासाठी पुढचा भाग मी पाहणार आहे.