कचऱ्यावर उगवलेली सावली

मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे. पुढे त्या ओसाड जमिनीवर माती पसरून वृक्षारोपण झाले आणि १९९४ साली तेथे निसर्ग उद्यान खुले झाले. सुमारे ३७ एकरांचे हे वन आज दाट लोकवस्तीच्या उशाशी उभे आहे.

काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन साठवतात व रात्री ती उष्णता परत सोडतात. म्हणून शहराची रात्रही तापलेली राहते. वृक्षांच्या पानांतून बाष्प बाहेर पडते, तेव्हा भोवतालची हवा निवते. त्यांच्या मुळांशी असलेली उघडी माती पावसाचे पाणी जिरवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीला महापूर आला. एवढा पाऊस एखादे उद्यान पेलू शकत नाही, हे खरे. परंतु पाण्याला थांबायला जागाच न ठेवणारे शहर थोड्या पावसानेही तुंबते.

हवामान बदलत असताना उन्हाचे चटके सर्वांना सारखे बसत नाहीत. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, तो दार लावून घेतो. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या माणसाला रस्त्याकडेचे झाडच आसरा देते. म्हणून मोकळ्या जागेचे मोल केवळ रुपयांत करणे, म्हणजे गरिबाची सावली विकणे होय. कचऱ्याच्या जागी वन उभे राहायला कित्येक वर्षे लागली. ते तोडायला मात्र काही दिवस पुरतात.