आवक क्रमांक : माझ्या प्रशिक्षणाचे अकरा महिने

पदवी हातात पडली की पहिला प्रश्न समोर येतो तो म्हणजे 'अनुभव आहे का?' आणि अनुभव मिळवायचा तर आधी कुणीतरी कामावर घ्यायला हवं. या कोड्यात आपल्यापैकी बरेच जण अडकतात. मीही अडकले होते. लोकप्रशासन विषय घेऊन बी. ए. केलं. स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो म्हणून मराठवाड्यातल्या कॉलेजांत हा विषय घेणारे पुष्कळ. पण पुस्तकातलं प्रशासन आणि ऑफिसातलं प्रशासन यांची गाठ कधी पडलीच नव्हती. ती पडली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेमुळे.

योजना काय होती?

९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ही योजना आली. वय १८ ते ३५. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन, थेट बँक खात्यात. प्रशिक्षण सुरुवातीला सहा महिन्यांचं होतं, नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढून अकरा महिने झाली. याला नोकरी म्हणायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. आम्ही 'प्रशिक्षणार्थी'. ना नेमणूक, ना पुढची हमी.

मला आमच्या तालुक्याची पंचायत समिती मिळाली. घरी अण्णांना वाटलं, पोरगी ऑफिसात लागली. आई शेजारणीला सांगून मोकळी झाली. 'लागली' नाही, 'शिकायला गेली', हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. तरी पहिले दहा हजार खात्यावर आले तेव्हा अभ्यासिकेची फी भरली, आईचा चष्मा केला आणि उरलेले अण्णांच्या हातात दिले. ते काही बोलले नाहीत. नोटा दोनदा मोजल्या.

पुस्तक आणि टेबल

परीक्षेत मी मॅक्स वेबरची नोकरशाही लिहिली होती : पदसोपान, नियम, लेखी दस्तऐवज. ल्यूथर गुलिकचं १९३७ चं 'पोस्डकॉर्ब' तोंडपाठ होतं. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून राज्यात कामाला लागल्या, त्यामागे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशी होत्या, हेही सांगता येत होतं.

पण मला बसवलं आवक-जावकच्या टेबलावर. म्हणजे येणारं प्रत्येक पत्र घ्यायचं, त्यावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक, तारीख, कुणाकडून आलं, विषय काय, हे लिहायचं आणि मग टपाल साहेबांकडे पाठवायचं. साहेब त्यावर कुठल्या विभागाने बघायचं ते लिहिणार, मग पत्र त्या टेबलावर जाणार. माझ्याबरोबरचे दोघे म्हणाले, "तुला शिक्क्याचं काम दिलंय होय?" मलाही ते काम फार मोठं वाटलं नाही. पदवी काय शिक्के मारायला घेतली?

शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ सहायक बसायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "बाई, या ऑफिसात कागद जन्माला येतो तो तुझ्या टेबलावर. इथं नोंद नाही, म्हणजे तो कागद आलाच नाही."

पुढे मामांनीच बरंच शिकवलं. टिपणी कशी लिहायची : आधी विषय, मग संदर्भ, मग वस्तुस्थिती, मग नियम काय म्हणतो आणि शेवटी काय प्रस्तावित आहे. "तुझं मत शेवटाला. आधी कागद काय म्हणतो ते लिही," असं ते सांगायचे. सहा गठ्ठे पद्धतही त्यांनीच दाखवली. प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात, कुणाच्या उत्तराची वाट बघणारी दुसऱ्यात, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं तिसऱ्यात, कायम लागणारे आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद पाचव्यात आणि मुदत संपल्यावर नष्ट करायचे सहाव्यात. १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची अशीच घडी बसवली होती आणि तो 'लखीना पॅटर्न' म्हणून गाजला, हे मी पुस्तकात वाचलं होतं. दप्तर लावण्यात एवढं गाजण्यासारखं काय, ते मात्र गठ्ठे स्वतः बांधल्यावर कळलं. पाच मिनिटांत कागद सापडला, तर समोरच्या माणसाची एक चक्कर वाचते.

एका आजींचं घरकुल

आमच्याकडे मंगळवारी बाजार. त्या दिवशी ऑफिसात गर्दी. अशाच एका मंगळवारी, एप्रिलमध्ये, एक आजी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बँकेचं पासबुक, आधार कार्ड आणि घरकुल मंजूर झाल्याचं पत्र.

"पोरी, माझ्या घराचा दुसरा हप्ता कधी पडंल?"

"आजी, अर्ज दिला होता का?"

"चार बारी आले की. ते म्हणले, होईल."

"कोण म्हणालं?"

"आता मला काय ठावं? खुर्चीवर बसल्याले."

मी नोंदवही मागे मागे चाळली. त्यांच्या नावाने एकही नोंद नव्हती. चार वेळा सोळा किलोमीटर येऊन, भाडं खर्चून आजींनी जे सांगितलं, ते सगळं हवेत गेलं होतं. ऑफिसच्या लेखी आजी कधी आल्याच नव्हत्या. वेबरचा 'लेखी दस्तऐवज' मी दहा मार्कांसाठी लिहिला होता, त्याचा अर्थ त्या दिवशी समोर उभा राहिला.

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण हप्त्याहप्त्याने. बांधकाम कुठवर आलं याचा फोटो जागेवर जाऊन, ठिकाणाच्या नोंदीसह अपलोड करावा लागतो. तो झाला तरच पुढचा हप्ता निघतो. आजींचं जोतं दोन महिन्यांपूर्वीच पूर्ण झालं होतं. घर गावठाणात नसून मळ्यात होतं आणि तिकडे फोटो काढायला कुणी गेलंच नव्हतं.

मी मामांना विचारलं आणि आजींसाठी पाच ओळींचा अर्ज लिहिला. जोतं पूर्ण झाल्याची तारीख, घर कुठे आहे, फोटो झालेला नाही, तो करून हप्ता मिळावा. आजींनी अंगठा लावला. मी आवक शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि तोच क्रमांक, तोच शिक्का दुसऱ्या प्रतीवर मारून ती त्यांच्या हातात दिली.

"याला काय करू?"

"पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी आलात तर घराचं विचारू नका. हा नंबर दाखवा आणि याचं काय झालं, ते विचारा."

पुढचं सगळं साधंच आहे. अर्ज साहेबांच्या टपालात गेला, त्यांनी घरकुलाच्या टेबलाकडे पाठवला, तिथल्या कार्यविवरण नोंदवहीत तो प्रलंबित म्हणून दिसू लागला. प्रलंबित दिसणाऱ्या कागदाबद्दल आठवड्याला विचारणा होते. बाराव्या दिवशी अभियंता मळ्यात जाऊन आले. हप्ता त्यानंतर काही आठवड्यांनी पडला. पत्रे मृगाच्या आत पडायला हवे होते, ते दोन दिवस उशिरा पडले. पहिल्या पावसात भिंती भिजल्या, धान्याची पोती शेजाऱ्याकडे ठेवावी लागली. हे आजींनीच येऊन सांगितलं. पिशवीत ती पोच अजून होती.

'नाही' हेसुद्धा लिहून द्यावं लागतं

प्रत्येक वेळी असं झालं नाही. एक काका वर्षभर घरकुलासाठी येत होते. त्यांचा अर्ज नोंदवला, उत्तर आलं : २०१८ च्या सर्वेक्षणाच्या यादीत नाव नाही, म्हणून लाभ देता येत नाही. काका कागद वाचून गप्प झाले. मग म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर वर्षभर चकरा तरी मारल्या नसत्या." त्या वेळी नवं आवास प्लस सर्वेक्षण सुरू होतं. त्यात नाव कसं नोंदवायचं, ते आम्ही सांगितलं आणि त्यांनी नोंदवलं. पुढे काय होईल ते यादी आल्यावर. पण लेखी 'नाही' मिळालं म्हणून त्यांना पुढचा रस्ता दिसला. तोंडी 'होईल' त्यांना वर्षभर जागच्या जागी फिरवत होतं.

आपल्याकडे कायदे आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना दिवस ठरवून दिलेले आहेत, वेळेत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं. बदल्या आणि विलंब यांबाबतच्या २००५ च्या राज्याच्या कायद्यात सर्वसाधारणपणे कुठलीही नस्ती एका शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं आहे. पण हे दिवस मोजायचे कुठून? अर्जाच्या तारखेपासून. आणि ती तारीख सिद्ध कशाने होते? पोचेने. पोच नसेल तर कायद्याचं घड्याळ सुरूच होत नाही. लोकप्रशासनाच्या तीन वर्षांत जे कळलं नाही, ते मला या शिक्क्याने शिकवलं.

मुदत संपली

अकरा महिने संपले. प्रमाणपत्र मिळालं. आमच्यातले काही जण पुढे कायम करावं म्हणून मोर्चाला गेले, काही पुण्याला अभ्यासाला, एक जण भावाच्या दुकानात बसला. मोर्चाला गेलेल्यांना मी नावं ठेवणार नाही. अकरा महिने रोज दहाला टेबलावर बसलेल्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हटलं, तर पोटात खड्डा पडतोच. माझ्याही पडला. घरात महिन्याला येणारे दहा हजार थांबले.

अण्णांनी विचारलं, "मग आता पुढं काय?"

मी म्हटलं, "अभ्यास. परीक्षा देणार."

"आणि ते अकरा महिने?"

त्यांना पटेल असं उत्तर तेव्हा सुचलं नाही. पण आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर गावातली दोन-चार माणसं कागद घेऊन येतात. कुणाचा उतारा, कुणाची पेन्शन, कुणाची विहीर. मी अर्ज लिहून देते आणि प्रत्येकाला एकच सांगते, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अण्णा खाटेवरून ऐकतात. परवा एका माणसाला तेच म्हणाले, "पोच घेतली का?"

तुम्ही इंटर्नशिपला जाणार असाल तर

मित्रांनो, कुठलंही टेबल मिळो, ते हलकं समजू नका. रोजची डायरी ठेवा : आज कुठला कागद आला, तो कुठे गेला, कुठे अडला. टिपणी लिहायला शिका, ती पुढे परीक्षेतही उपयोगी पडते. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना 'हे असंच का करतात?' असं विचारा. चहाच्या वेळी विचारलं तर जास्त सांगतात. शासन निर्णय मूळ वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. प्रमाणपत्र नोकरी देईलच असं समजू नका आणि ते मिळालं म्हणजे शिक्षण संपलं, असंही नाही.

आणि समोर कुणी पिशवी घेऊन उभं राहिलं, तर आधी विचारा, "अर्ज दिलाय का?" नसेल, तर कागद पुढे ओढा आणि लिहायला घ्या.