ऊन फुकट, तरी वीज डिझेलची

मालदीवचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक निळं पाणी, दुसरं राजकारण. मला मात्र आधी आठवतो डिझेलचा वास. तिथल्या एका बेटावरच्या पॉवरहाऊसमध्ये मी तीन वर्षं मेंटेनन्सला होतो.

देशात साधारण १,१९० बेटं, त्यातल्या १८७ च्या आसपास बेटांवर लोकवस्ती. आपल्यासारखी राज्यभर पसरलेली ग्रीड नाही. बहुतेक प्रत्येक बेटाचे जनरेटर वेगळे, तेलाची टाकी वेगळी. वस्तीच्या सगळ्या बेटांवर वीज पोहोचलीय, पण ती बोटीने येते म्हणा ना! पावसाळ्यात समुद्र खवळला की सकाळी पहिला प्रश्न एकच, "बोट आली का?" मग टाकीत पट्टी बुडवून किती दिवसांचं तेल उरलंय ते बघायचं.

सुट्टीवर गावी आलो की कोणीतरी हमखास विचारायचं, "अरे, विषुववृत्ताला खेटून देश, एवढं ऊन, मग सोलर का नाही लावत?"

प्रश्न रास्त आहे. जागा कमी, हे एक कारण. घरं, मशीद, शाळा, फुटबॉलचं मैदान, नारळाची झाडं, की संपलं बेट. दुसरं कारण ढग. आपल्याकडे सांगलीवर ढग आला तरी सोलापुरात ऊन असतं, ग्रीड सांभाळून घेते. लहान बेटावर ढग आला की सगळ्या पॅनेलवर एकदमच येतो. म्हणून जनरेटर चालूच ठेवावा लागतो, आणि तो फार कमी लोडवर चालवला तर इंजिनात काजळी धरते. यावर उपाय बॅटरी. म्हणजे पुन्हा पैसा आला.

खरी गोम इथेच आहे. डिझेल महाग पडतं, पण ते बोटीबोटीने घेता येतं. सोलरला वीस-पंचवीस वर्षांच्या विजेचे पैसे जवळजवळ पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. हातावर पोट असलेला माणूस तेलाचा डबा घेत नाही, रोज पावशेर सुटं तेल आणतो आणि वर्षाकाठी जास्तच पैसे देतो. त्याला हिशेब कळत नाही असं नाही हो, पण एकदम डब्याचे पैसे आणायचे कुठून? छोट्या बेट-देशांचं हेच आहे. कर्ज डॉलरमध्ये, बिलाची वसुली रुफियामध्ये. देश लहान, प्रकल्प लहान, म्हणून सावकार जोखीम जास्त धरतो. व्याज वाढतं आणि फुकटच्या उन्हाची वीज महाग होते.

२००९ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. फोटो जगभर गाजला. दहा वर्षांत देश कार्बन-न्यूट्रल करू, असंही त्यांनी त्याच वर्षी जाहीर केलं होतं. २०२० उजाडलं तरी बहुतेक वीज डिझेलचीच होती.

मधल्या काळात एक काम झालं, त्याची आपल्याकडे फारशी बातमी झाली नाही. २०१४ मध्ये जागतिक बँकेने तिथल्या सोलर प्रकल्पांसाठी हमीची योजना मंजूर केली. सरकारी वीज कंपनीने पैसे थकवले, तर गुंतवणूकदाराला आधार. पहिल्या दीड मेगावॉटच्या प्रकल्पाचा दर युनिटला २१ अमेरिकी सेंट होता. नंतरच्या पाच मेगावॉटच्या प्रकल्पाचा दर आला १०.९ सेंट. पॅनेल जगभर स्वस्त झाले, हे त्यातलं एक कारण आहेच. पण पैसे बुडणार नाहीत असा भरवसा मिळाल्यावर गुंतवणूकदार पुढे आले, हेही तितकंच खरं.

त्यामुळे यापुढे एखाद्या हवामान परिषदेत बेटांसाठी घोषणा झाली, की किती पॅनेल दिले एवढंच बघू नका. व्याज किती आणि जामीन कोण राहिलं, तेही विचारा. गावात साधं घरकर्ज काढताना आपण हेच दोन प्रश्न विचारतो ना?